कचरा, रस्ता आणि मतदानाचा प्रिसिंक्ट: टेक्सासच्या काउंटीत कोणाचं दार ठोठावायचं

फ्रिस्को, केटी, शुगर लँड किंवा सीडर पार्ककडे नवं घर घेतलं की पहिल्या सहा महिन्यांत तीन प्रश्न हमखास पडतात. कचऱ्याची गाडी शेजारच्या गल्लीत येते, आपल्याकडे का नाही? कोपऱ्यावरचा खड्डा कोण बुजवणार? आणि नागरिकत्व मिळालं असेल तर मत कुठे द्यायचं? सिटीला फोन केला की सिटी काउंटीचा नंबर देते, काउंटी म्हणते तो रस्ता राज्याचा, आणि राज्याचं खातं विचारतं की रस्त्याचा नंबर काय. चौथ्या फोनला माणूस नाद सोडतो. टेक्सासमध्ये एकाच घरावर पाच-सहा सरकारांचा अंमल असतो आणि प्रत्येकाची हद्द वेगळी असते, त्यामुळे गाठ सुरुवातीलाच सोडवून घ्यावी लागते. इथली माहिती टेक्सासची आहे. दुसऱ्या राज्यात काउंटीचे अधिकार आणि नावं दोन्ही बदलतात.

१. आधी हद्द पाहा, पत्त्यावर जाऊ नका

पत्त्यातलं गावाचं नाव हे पोस्ट खात्याच्या सोयीचं असतं. ‘फ्रिस्को’ लिहिलेलं घर कॉलिन काउंटीत असू शकतं, तसंच डेंटन काउंटीतही. केटी शहर तर हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलंय. ऑस्टिनचा पत्ता असलेलं घर ट्रॅव्हिसमध्ये निघेल किंवा विल्यमसनमध्ये. आणखी एक शक्यता असते: पत्त्यात शहराचं नाव आहे, पण घर त्या शहराच्या हद्दीतच नाही. अशा भागाला अनइनकॉर्पोरेटेड म्हणतात. तिथे सिटी नसते, फक्त काउंटी असते.

नक्की करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकणं. ही नोंद सगळ्यांना खुली असते, भाड्याच्या घराचीही दिसते. त्यात ‘टॅक्सिंग युनिट्स’ अशी यादी असते. काउंटी, शाळेचा डिस्ट्रिक्ट, कॉलेज डिस्ट्रिक्ट वगैरे नावं दिसतील. यादीत सिटी असेल तर तुम्ही शहरात. सिटी नसून ‘मड’, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट दिसलं, तर बहुधा तुम्ही शहराबाहेर आहात आणि पाणी, सांडपाणी, कधीकधी कचरासुद्धा त्या मडच्या निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे आहे. ही यादी छापून फ्रिजवर लावा. पुढच्या प्रत्येक पायरीला ती लागणार आहे.

घर घ्यायच्या आधी हे पाहिलं तर दुप्पट फायदा. टेक्सासच्या काउंट्यांना झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागेत काय बांधता येईल हे ठरवायचा, अधिकार जवळपास नसतो. शहराबाहेरच्या घरासमोरच्या मोकळ्या रानात उद्या गोदाम आलं तर ‘काउंटीने परवानगी दिलीच कशी’ हा प्रश्न फुकट जातो, कारण बहुतेक वेळा परवानगी नाकारायचा अधिकारच काउंटीकडे नसतो.

२. ‘कमिशनर्स कोर्ट’ हे कोर्ट नाही

इथे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा दोनदा गोंधळ होतो. काउंटी म्हणजे जिल्हा असं धरलं की ‘काउंटी जज’ कलेक्टर वाटतो, आणि कोर्ट म्हटलं की वकील घ्यावा लागेल असं वाटतं. दोन्ही चूक. कमिशनर्स कोर्ट म्हणजे काउंटीचं कारभारी मंडळ. त्यात एक काउंटी जज आणि चार कमिशनर, असे पाच जण. पाचही निवडून येतात, मुदत चार वर्षं. मोठ्या काउंट्यांत जजचं काम बहुतांशी प्रशासनाचंच असतं. तो सभेचा अध्यक्ष असतो आणि त्याला मतही असतं. आपल्याकडची तुलना हवीच असेल तर ती जिल्हा परिषदेशी करा.

चार कमिशनर चार प्रिसिंक्टमधून, म्हणजे काउंटीच्या चार विभागांतून, येतात. २०२० च्या जनगणनेत कॉलिन काउंटीची लोकसंख्या १०,६४,४६५ होती. म्हणजे एका कमिशनरमागे सुमारे २ लाख ६६ हजार माणसं. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण कमिशनरच्या ऑफिसला मुद्देसूद ईमेल गेली तर उत्तर बऱ्याचदा येतं, कारण अशा ईमेल फार लोक पाठवतच नाहीत. प्रिसिंक्ट १ आणि ३ च्या कमिशनरांची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी होते. २ आणि ४ ची, काउंटी जजबरोबर, गव्हर्नरच्या वर्षी.

ठराव करायला तीन जणांची हजेरी पुरते. कर लावायचा असेल तर मात्र निदान चार जण हजर लागतात.

एक सावधगिरी. पाचही जणांना एकाच ईमेलमध्ये घालून ‘काय ते कळवा’ असं लिहू नका. तिघांनी एकमेकांना उत्तरं दिली की ती न जाहीर केलेली सभा ठरू शकते, आणि म्हणून अशा ईमेलला ते उत्तर देणंच टाळतात. आपल्या कमिशनरला वेगळी लिहा, जजच्या ऑफिसला वेगळी.

३. कचरा: गाडी कोणाची, खड्डा कोणाचा

आधी पाण्याचं बिल काढा. त्यात ‘सॉलिड वेस्ट’ किंवा ‘ट्रॅश’ अशी ओळ असेल तर ज्याचं बिल, त्याचीच कचऱ्याची जबाबदारी, मग ती सिटी असो वा मड. ओळ नसेल तर एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, वर्गणी कशाकशासाठी आहे ते वाचा. तिथेही नसेल तर तुम्हाला खासगी कंपनीची सेवा स्वतः घ्यावी लागेल. शेजाऱ्याकडे येणारी गाडी त्याने पैसे भरून लावलेली असते. शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत हा प्रकार सर्रास आहे, आणि काउंटीला फोन करून गाडी येत नाही.

गाडी जिथे जाते ती जागा मात्र सगळ्यांची मिळून असते. प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी, ॲलन आणि रिचर्डसन या पाच शहरांचा कचरा नॉर्थ टेक्सास म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्टच्या यंत्रणेतून मेलिसाजवळच्या लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरायच्या जागी, जातो. पाणी पुरवणारी संस्थाच कचराही पुरते, ही गंमत इथली. जुनी गादी किंवा फांद्या स्वतः नेऊन टाकायच्या असतील तर आधी आपल्या शहराचे नियम पाहा. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स आणि ताजं पाण्याचं बिल सोबत ठेवा.

घरातल्या डब्यात काय टाकू नये:

- लिथियम बॅटऱ्या, मग त्या फोनच्या असोत वा ड्रिल मशीनच्या. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपते आणि आग लागते. टोकांवर चिकटपट्टी लावून संकलन केंद्रावर द्या.
- ओला रंग, थिनर, कीटकनाशक, तलावाची रसायनं. यासाठी ‘हाउसहोल्ड हॅझर्डस वेस्ट’चं वेगळं संकलन असतं. काही ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते.
- गाडीचं जुनं ऑइल. सुटे भाग विकणारी बरीच मोठी दुकानं ते परत घेतात. त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलेलं असेल तर घेत नाहीत.
- इन्सुलिनच्या सुया. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून, झाकणावर टेप लावून, वर काय आहे ते लिहून मगच. सुट्या कधीच नाहीत.

तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. दिवाळीचा फराळ झाला की नळीत ते थिजतं आणि सांडपाण्याची लाइन तुंबते. थंड करून बाटलीत भरा. बऱ्याच शहरांत ते वेगळं घेतात.

गणपतीच्या दिवसांत एक प्रश्न नेहमी येतो. लेक लॅव्हन आणि लेक लुइसव्हिल हे दोन्ही जलाशय अमेरिकी सैन्याच्या कोअर ऑफ इंजिनियर्सचे आहेत, काउंटीचे नव्हेत. लॅव्हनचं पाणी तर वर सांगितलेल्या शहरांच्या नळाला येतं. तिथे मूर्ती किंवा निर्माल्य सोडणं हा कचरा टाकल्याचा गुन्हा धरला जातो. शाडूची छोटी मूर्ती घरी टबात विसर्जित करा आणि माती बागेत घाला, हे सगळ्यात सुटसुटीत. निर्माल्याची फुलं बागकामाच्या पिशवीत चालतात, दोरा आणि प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या आधी काढाव्या लागतात.

घराचं काम काढलं की आणखी एक सापळा असतो. पिकअप घेऊन येणारा हँडीमन ‘डेब्री (राडारोडा) मी नेतो’ म्हणतो आणि काउंटीच्या आडरस्त्याला ओतून जातो. टेक्सासमध्ये बेकायदा कचरा टाकण्याचा गुन्हा वजनावर ठरतो: ५ पौंडांपर्यंत क्लास सी (सगळ्यात हलका), त्यापुढे ५०० पौंडांच्या आत क्लास बी, ५०० ते १,००० पौंड क्लास ए, आणि १,००० पौंडांपासून वर थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. एका बाथरूमच्या फरशा आणि ड्रायवॉल ५०० पौंड सहज भरतात. ढिगाऱ्यात तुमच्या नावाचं खोकं सापडलं की तपास तुमच्या दारी येतो. म्हणून कामाचे शेवटचे पैसे लँडफिलची पावती पाहून द्या.

शहराबाहेर पालापाचोळा जाळायचा असेल तर त्या दिवशी ‘बर्न बॅन’ आहे का ते पाहा. हा आदेश कमिशनर्स कोर्ट काढतं, एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांचा. जुलै-ऑगस्टमध्ये तो बहुधा असतोच.

आता मोठा मुद्दा: वस्तीजवळ नवं लँडफिल येणार अशी कुणकुण लागली तर काय? परवाना राज्याचं पर्यावरण खातं, म्हणजे टीसीईक्यू, देतं, काउंटी नाही. पण काउंटीकडे एक हत्यार आहे. आरोग्याला धोका असल्याचं दाखवून काउंटीच्या ठरावीक भागात कचरा टाकायला ती बंदी घालू शकते. मात्र त्याच ठरावात कुठे चालेल तो भागही दाखवावा लागतो. आणि ज्या जागेसाठी परवान्याचा अर्ज आधीच दाखल झालाय किंवा परवाना मिळालाय, तिथे ही बंदी लागू होत नाही. म्हणजे अर्जाची नोटीस वर्तमानपत्रात आल्यावर कमिशनरकडे धाव घेतली तर वेळ निघून गेलेली असते. जमिनीच्या खरेदीची बातमी आली, तेव्हाच हलायचं असतं.

अर्ज दाखल झाल्यावरची लढाई टीसीईक्यूकडे. परवान्याचा नंबर लिहून मेलिंग लिस्टवर नाव घाला, मुदतीत लेखी हरकत द्या, आणि तुम्ही जवळ राहत असाल तर ‘कंटेस्टेड केस हिअरिंग’ची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रीतसर सुनावणीची, मागणी त्याच पत्रात स्पष्ट शब्दांत करा. नुसती हरकत आणि सुनावणीची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात घरापासूनचं अंतर, तुमची विहीर, पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं, असं लिहा. ‘घराच्या किमती पडतील’ हे सगळ्यांना पटणारं कारण या खात्याच्या अखत्यारीत येत नाही, आणि दुर्दैवाने निम्मी पत्रं त्यावरच खर्ची पडतात.

४. रस्ता: पाटी वाचा

रस्त्याच्या कडेची पाटी सगळं सांगते. ‘सीआर’ आणि पुढे आकडा असेल तर काउंटी रोड. ‘एफएम’ (फार्म-टू-मार्केट रोड), ‘एसएच’ (स्टेट हायवे), ‘यूएस’ किंवा आंतरराज्य महामार्ग असेल तर राज्याचं परिवहन खातं, म्हणजे टेक्सडॉट, मग तो तुमच्या फाटकासमोरून जात असला तरी. नुसतं नाव असेल आणि तुम्ही शहरात असाल तर सिटी. ‘एंड काउंटी मेंटेनन्स’ अशी छोटी पाटी दिसली तर तिथून पुढचा रस्ता कोणाचा हे विचारूनच घ्या. तो बहुधा खासगी असतो. नव्या वसाहतीत चौथी भानगड असते. रस्ता बिल्डरने बांधलेला असतो आणि काउंटीने किंवा सिटीने अजून ताब्यात घेतलेला नसतो. तोपर्यंत भेगा आणि खड्डे बिल्डरच्या हमीत येतात. ती हमी कधी संपते ती तारीख विचारा आणि त्याआधी सगळ्या तक्रारी लेखी द्या. रस्ता एकदा ताब्यात घेतला की बिल्डर हात वर करतो.

खड्ड्याची तक्रार देताना पुढच्या गोष्टी एकाच वेळी द्या, म्हणजे परत फोन येणार नाही:

- रस्त्याचा नंबर, जवळच्या दोन आडव्या रस्त्यांची नावं, कोणत्या दिशेची लेन
- नकाशातला बिंदू
- लांबी, रुंदी, खोली इंचांत. फोटोत मापासाठी पाण्याची बाटली उभी ठेवा
- पाऊस पडून गेल्यावर पाणी किती वेळ साचतं

शेवटची ओळ लोक गाळतात, आणि तीच सगळ्यात कामाची आहे. डॅलसच्या उत्तरेचा हा पट्टा ब्लॅकलँड प्रेअरी म्हणून ओळखला जातो. ही माती म्हणजे आपली काळी रेगूरच. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको: पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्ता तिच्यावर बसलेला असतो, तोही तसाच वर-खाली होतो. कडेचा चर, ज्याला इथे ‘बार डिच’ म्हणतात, तुंबला की पाणी रस्त्याखाली मुरतं आणि पाया सुटतो. मग वरून डांबर भरलं तरी दोन पावसांत खड्डा परत तिथेच. अशा वेळी ‘खड्डा भरा’ एवढंच मागितलं तर खड्डा भरून मिळतो. ‘चर साफ करा आणि मोरी तपासा’ हे मागावं लागतं.

घरासमोरच्या ड्राइव्हवेखाली मोरीचा पाइप घालायचा असेल तर काउंटीची परवानगी घ्या. पाइपचा व्यास त्यांचा इंजिनियर ठरवतो. ठेकेदाराने ‘बारा इंची चालेल’ म्हणून घातलेला पाइप पहिल्याच वादळात कमी पडतो, पाणी रस्त्यावर चढतं, आणि काउंटीने तो काढायला लावला तर खर्च तुमचाच.

शहराबाहेरच्या, राज्याच्या किंवा यूएस महामार्गाचा नंबर नसलेल्या रस्त्यावर वेगाची पाटी नसेल तर वेगमर्यादा ताशी ६० मैल धरली जाते. मुलं बसची वाट बघत उभी राहतात तिथे हे फार आहे असं वाटत असेल तर मर्यादा कमी करणं कमिशनर्स कोर्टाच्या हातात आहे. त्यासाठी आधी रहदारीची पाहणी होते. शेजाऱ्यांच्या सह्यांपेक्षा अपघातांच्या तारखा आणि वळणाचे फोटो जास्त उपयोगी पडतात.

काउंटी रोड बंद करायचा किंवा सोडून द्यायचा असेल तर पाचांचं एकमत लागतं, बहुमत पुरत नाही. शेजारच्या बड्या जमीनमालकाने तुमचा येण्याजाण्याचा रस्ता बंद करायचा अर्ज दिला असेल तर हे लक्षात ठेवा: एका कमिशनरला पटवलं तरी पुरे.

रुंदीकरणासारखी मोठी कामं मात्र तक्रारीने होत नाहीत, ती बाँडमधून, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जातून, होतात. डेंटन काउंटीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये रस्त्यांसाठी ६५ कोटी डॉलरचा बाँड मंजूर केला. अशा यादीत रस्ता घालायचा असेल तर मतपत्रिका छापायच्या वर्षभर आधी, यादी तयार होत असताना जावं लागतं. नेहमीच्या दुरुस्तीचा पैसा वार्षिक बजेटमधून येतो. बहुतेक काउंट्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि बजेटची जाहीर सुनावणी ऑगस्टच्या आसपास होते. एप्रिल-मेमध्ये पाठवलेलं पत्र बजेटात जायची शक्यता असते. सप्टेंबरातलं पुढच्या वर्षावर जातं.

५. मतदान: प्रिसिंक्ट एक नसतो

सगळ्यात आधी, आणि ठळक: नागरिक नसाल तर मतदार नोंदणीच्या कुठल्याही रकान्यावर खूण करू नका. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना खिडकीवर ‘मतदार म्हणून नोंदवायचं का’ असं विचारतात. घाईत ‘हो’ म्हटलेलं एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्याला फार महागात पडतं. नागरिक असल्याचा खोटा दावा हा देशाबाहेर काढायचं कारण ठरू शकतो, आणि ‘मला कळलं नाही’ ही सबब तिथे सहज चालत नाही. ज्यूरीच्या समन्सवरही ‘नागरिक नाही’ हीच खूण करून ते परत पाठवायचं.

आता प्रिसिंक्ट. टेक्सासमध्ये हा शब्द तीन कामांना वापरतात. कमिशनरचा प्रिसिंक्ट १ ते ४. जस्टिस ऑफ द पीस (छोट्या खटल्यांचा न्यायाधीश) आणि कॉन्स्टेबल यांचा प्रिसिंक्ट, त्याचे आकडेही छोटे. आणि निवडणुकीचा प्रिसिंक्ट, ज्याचा आकडा बहुधा दोन-तीन अंकी असतो. मतदार कार्डावर हे सगळे शेजारी शेजारी छापलेले असतात. ‘मी प्रिसिंक्ट ३ मध्ये’ असं कमिशनरच्या ऑफिसला सांगताना तुम्ही कॉन्स्टेबलचा आकडा तर वाचत नाही ना, एवढं पाहा.

निवडणुकीचा प्रिसिंक्ट साधारण १०० ते ५,००० नोंदलेल्या मतदारांचा असावा लागतो. छोट्या काउंट्यांना खालची मर्यादा कमी आहे. शिवाय तो कमिशनर, जस्टिस, काँग्रेस, राज्याची सेनेट आणि हाउस यांच्या मतदारसंघांची कोणतीही रेषा ओलांडू शकत नाही. म्हणूनच नकाशावर काही प्रिसिंक्ट चिंचोळ्या पट्टीसारखे दिसतात. नव्या वसाहती भरल्या की आकडा पाच हजारांच्या वर जातो आणि प्रिसिंक्ट तोडावा लागतो. ही तपासणी कमिशनर्स कोर्ट विषम वर्षी मार्च-एप्रिलमध्ये करतं. तुमचा प्रिसिंक्ट बदलला तर नवं कार्ड पोस्टाने येतं, वेगळा अर्ज लागत नाही. आकडा बदलला म्हणून प्रतिनिधी बदललाच असं नाही.

कमिशनरांच्या रेषा ही वेगळी आणि जास्त तापणारी गोष्ट आहे. त्या सहसा जनगणनेनंतर आखतात, पण अधेमधेही आखता येतात. टॅरंट काउंटीच्या कमिशनर्स कोर्टाने जून २०२५ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी नवा नकाशा मंजूर केला. अशा नकाशाच्या सुनावण्या थोड्या दिवसांत उरकतात, त्यामुळे अजेंडावर नजर नसेल तर कळतं ते कार्ड आल्यावर.

नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी व्हायला हवी. नवा अर्ज कागदावर सही करून द्यावा लागतो. टेक्सासमध्ये सरसकट ऑनलाइन नोंदणी नाही. फक्त लायसन्सचं नूतनीकरण किंवा पत्ता-बदल ऑनलाइन करताना ती सोय मिळते. संकेतस्थळावर फॉर्म भरून ‘झालं’ समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तो फॉर्म छापून, सही करून पोस्टात टाकेपर्यंत काहीच झालेलं नसतं.

घर बदललं तर? त्याच काउंटीत बदललं असेल तर पत्ता दुरुस्त करून भागतं. काउंटी बदलली तर नव्याने नोंदणी. फ्रिस्कोतल्या फ्रिस्कोत, दोन मैलांवर घर बदललं आणि मध्ये कॉलिन-डेंटनची रेषा आली, तर तुम्ही काउंटी बदललीत. शहर तेच, शाळाही कदाचित तीच, पण जुनं कार्ड बाद. हे मतदानाच्या दिवशी कळलेलं बरं नव्हे.

केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. टेक्सासचं लायसन्स, अमेरिकी पासपोर्ट किंवा फोटो असलेलं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, यातलं काहीही चालतं. १८ ते ६९ वयासाठी मुदत संपून चार वर्षांपर्यंतचं, सत्तरीपुढे कितीही जुनं. त्यावरचा पत्ता नोंदणीशी जुळलाच पाहिजे असं नाही. मतदानाच्या दिवशी वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७. सातला रांगेत असलेल्याला मत देऊ देतात. कॉलिनसारख्या काउंट्यांत काउंटीतल्या कोणत्याही केंद्रावर मत देता येतं. काही ठिकाणी आणि काही निवडणुकांत फक्त आपल्याच प्रिसिंक्टच्या केंद्रावर. दर निवडणुकीला नव्याने पाहा.

आई-वडील नागरिक झालेत पण इंग्रजी वाचता येत नाही, हे कितीतरी घरांत आहे. मराठीत मतपत्रिका टेक्सासमध्ये मिळत नाही. पण केंद्रीय कायद्याने अशा मतदाराला स्वतःच्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो, फक्त तो मतदाराच्या नोकरीतला मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी नसावा. मुलगा, सून, शेजारी कोणीही चालतं. मदतनीसाला तिथे शपथ घेऊन फॉर्म भरावा लागतो. २०१४ मध्ये विल्यमसन काउंटीत एका बंगालीभाषक महिलेच्या मुलाला दुभाषा म्हणून अडवलं होतं, कारण त्याची नोंदणी शेजारच्या ट्रॅव्हिस काउंटीत होती. प्रकरण फेडरल अपील कोर्टापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये निकाल लागला की राज्याची ही अट केंद्रीय कायद्याला धरून नाही. तेव्हा तुम्ही दुसऱ्या काउंटीत राहता म्हणून आईला मदत करू शकत नाही असं कोणी म्हटलं, तर तिथल्या इलेक्शन जजला, म्हणजे मतदान केंद्राच्या प्रमुखाला, शांतपणे काउंटीच्या निवडणूक कार्यालयात फोन लावायला सांगा.

पासष्टीपुढच्यांना पोस्टाने मत देता येतं. अर्जावर लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे लिहायचे असतात, आणि ते मतदार नोंदीतल्या नंबराशी जुळले नाहीत तर अर्ज परत येतो. नोंदणीच्या वेळी कोणता नंबर दिला होता हे आठवत नसेल तर दोन्ही लिहा.

६. सभेत बोलायचं असेल तर

सभेचा अजेंडा निदान तीन कामकाजाचे दिवस आधी लावावा लागतो. सप्टेंबर २०२५ पूर्वी ही मुदत ७२ तासांची होती. आता शनिवार-रविवार मोजत नाहीत. सभा सहसा कामाच्या दिवशी, दिवसा असतात, त्यामुळे रजेचं आधी बघा.

अजेंडात ‘कन्सेंट’ नावाचा गठ्ठा असतो. पंचवीस-तीस विषय, एकच मत, दोन मिनिटांत मंजूर. रस्त्याचा ठेका, मोरीचं काम, मतदान केंद्राचा भाडेकरार अशा ओळी तिथेच दडलेल्या असतात. त्यातला एखादा तुमचा असेल तर आदल्या दिवशी आपल्या कमिशनरला लिहा की हा विषय वेगळा काढा.

अजेंडावरच्या विषयावर मत होण्याआधी बोलायचा हक्क प्रत्येकाला आहे. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, व्हिसावरचा माणूसही बोलू शकतो. नावनोंदणीचा फॉर्म सभा सुरू होण्याआधी भरा, विषयाचा क्रमांक अचूक लिहा. वेळ बहुधा तीन मिनिटं. दुभाषा घेऊन बोलणाऱ्याला, एकाच वेळी भाषांतराची यंत्रणा नसेल तर, दुप्पट वेळ द्यावा लागतो. तेव्हा शेताजवळच्या रस्त्याबद्दल आजोबांना मराठीत बोलायचं असेल तर खुशाल बोलू द्या.

अजेंडावर नसलेला विषय काढलात तर मंडळी गप्प बसतील. तो अपमान नव्हे. कायद्याने त्यांना त्यावर चर्चा करता येत नाही. फार तर ते एखादी वस्तुस्थिती सांगतील किंवा पुढच्या अजेंडावर घेऊ म्हणतील. ‘पुढच्या अजेंडावर घ्याल का’ हाच प्रश्न विचारून बसा.

पहिल्या वीस सेकंदांत सांगा: कोण, कोणत्या प्रिसिंक्टमधून, कोणता विषय, काय हवंय. बाकीचं कारण नंतर. एका पानाच्या सात प्रती न्या: पाच सभासद, एक क्लार्क, एक स्वतःला.

७. सोबतची फाइल

- टॅक्सिंग युनिट्सची छापील यादी
- ताजं पाण्याचं बिल आणि एचओएचं वर्गणीपत्र
- मतदार कार्डाचा फोटो. नागरिक नसाल तर हा कप्पा रिकामा
- तक्रारींचे क्रमांक, तारखा आणि फोनवर बोललेल्या माणसाचं नाव
- बिल्डरच्या रस्त्याच्या हमीची तारीख
- फोटो, प्रत्येकावर तारीख

आणि उत्तर मिळतच नसेल तर पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली लेखी मागणी करा. आपल्या माहिती अधिकाराची सवय असेल तर हे ओळखीचं वाटेल. कारण सांगावं लागत नाही. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका, तसं लिहिलं की खर्चाचा अंदाज येतो आणि प्रकरण लांबतं. ‘अमुक काउंटी रोडवर १ जानेवारीपासून झालेल्या दुरुस्तीच्या वर्क ऑर्डर’ असं नेमकं मागा. त्यांनी तत्परतेने द्यायचं असतं, आणि माहिती रोखून ठेवायची असेल तर कामकाजाच्या दहा दिवसांत ॲटर्नी जनरलकडे विचारणा करावी लागते. साध्या कागदाचा दर प्रति पान १० सेंट. ईमेलवर मागितलं तर बहुधा तेवढेही लागत नाहीत.